तलाव उजव्या हाताला

पोह्यांचा ट्रे धरून या वयात मी कोणापुढे जाणार नाही, हे मी लेकीला फोनवर ठणकावून सांगितलं होतं. ती हैदराबादला असते आणि तिथून माझा संसार चालवते. ती म्हणाली, “मग नको धरू ट्रे. दोघं फिरायला जा. थंडी आहे, उन्हात बरं वाटेल. उमरेडच्या बाजूला तो पाटबंधाऱ्याचा तलाव आहे ना, त्याला एक चक्कर मारा, बोला आणि परत या.” मला पटलं. दोन प्रौढ माणसं, एक तलाव, एक चक्कर. यात बिघडण्यासारखं काय आहे, असं मला खरोखर वाटलं. मी शाळेत भूगोल शिकवते, माणसांचं मला फारसं कळत नाही.

बिघडलं ते असं, की लेकीने ही गोष्ट तिच्या काकाला सांगितली. म्हणजे माझ्या दिराला. भाऊजी दुसऱ्याच दिवशी कन्हानहून गाडी घेऊन हजर. “वहिनी, तुम्ही एकट्या जाल? मुलीकडचं कोणी नोको का?” मी म्हटलं, भाऊजी, मुलगी पन्नाशी उलटलेली आहे. ते म्हणाले, “म्हणूनच.” माझा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, आणि त्याचा सख्खा भाऊ मुलीकडचा म्हणून यायला निघाला होता. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. खरं सांगते, मला त्यांचं हे फार आवडलं. पण आवडलं म्हणून डोकेदुखी कमी होत नाही.

भाऊजी येणार म्हणून जाऊ येणार. जाऊ येणार म्हटल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, जाहीर केलं की आपणही येणार. इतकी माणसं जमणार तर जेवायचं काय? थंडीत तलावावर जायचं म्हणजे रोडगेच. कणकेचे ते जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वरून तूप. मग गोवऱ्या आल्या, पातेली आली, सतरंजी आली. इकडून एवढी फौज निघते आहे हे कळल्यावर तिकडचे गृहस्थही एकटे कसे येतील? त्यांनी आपली थोरली बहीण आणली. असा आमचा साधा फिरण्याचा बेत होता.

गृहस्थ सावनेरचे. कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते, आता निवृत्त. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. लेकीने कुठल्यातरी विवाहमंडळातून नंबर मिळवला आणि आम्ही फोनवर बोलायला लागलो. पहिल्या फोनवर त्यांनी मला विचारलं, “तुम्ही घोरता का?” मी म्हटलं, मला काय माहीत, मी तर झोपलेली असते. ते इतके हसले की मला पुन्हा फोन करावासा वाटला. महिनाभर आम्ही रोज बोलत होतो. मला ते आवडत होते. हे लिहिताना लाजण्यात अर्थ नाही.

अडचण एकच होती. ती म्हणजे आत्याबाई. ऐंशी ओलांडलेल्या, कान शाबूत, पण सोयीप्रमाणे बहिऱ्या. हुडकेश्वरच्या घरात आम्ही दोघीच. सकाळी माझ्या चहाला नावं ठेवत दोन कप पितात, संध्याकाळी टीव्हीच्या मालिकेतल्या सुनांना शिव्या घालतात आणि मधेच माझ्याकडे पाहून म्हणतात, “तुले नाही म्हटलं वं.” मी लग्न करून सावनेरला गेले तर यांचं काय? उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. लेक म्हणे, काका बघतील. भाऊजी म्हणत, “माह्यी माय मले जड आहे का?” फक्त दोन माणसांना कोणी विचारलं नव्हतं, एक आत्याबाई आणि दुसरी जाऊ. त्याचं कारण असं की त्या दोघी एकमेकींशी बोलतच नव्हत्या.

कन्हानच्या घराच्या वास्तुशांतीला जावेने पहिलं पान स्वतःच्या आईला वाढलं होतं, आणि मग आत्याबाईंना. एवढंच. पण मुलाच्या घरातलं पहिलं पान! आत्याबाई पाटावरून उठल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी त्या घरी पाण्याचा घोट घेतला नाही. सणावाराला सगळे आमच्याकडे जमायचे तेव्हा दोघी एकाच चुलीशी पाठीला पाठ लावून स्वयंपाक करायच्या आणि माझ्यामार्फत बोलायच्या. “तिले सांग, मीठ कमी आहे.” “आईंना सांगा, कळलं.” मी त्यांचं टपालखातं होते. वर्षानुवर्षं हे चाललं होतं, आणि भाऊजी म्हणत होते, माय मले जड आहे का.

तर अशा सहा जणांचा आमचा मेळा सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमला. थंडी कडाक्याची. भाऊजी कानटोपी घालून, हातात काठी घेऊन उभे. काठी वाघासाठी. उमरेडकडून एक वाघ या माळावर फिरायला येतो, असं त्यांना व्हॉट्सॲपवरून कळलं होतं. गृहस्थ गाडीतून उतरले. फोटोपेक्षा बुटके आणि फोटोपेक्षा बरे. त्यांनी आत्याबाईंना वाकून नमस्कार केला. आत्याबाईंनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “दात आपले आहेत का?” ते म्हणाले, “वरचे आहेत.” आत्याबाईंनी मान डोलावली.

आत्याबाईंना चालवत नव्हतं. जावेची टाच दुखत होती. तेव्हा त्या दोघी गोवऱ्यांपाशी बसणार आणि आम्ही चौघं चक्कर मारून येईतो रोडगे भाजणार, असं ठरलं. आम्ही परत येऊ तेव्हा त्या दोघींतली एकतरी निखाऱ्यात असेल, असं मला वाटलं. पण जाऊ म्हणाली, “जा ताई, मी पाहते,” आणि तिने आत्याबाईंकडे पाठ करून वांगी चिरायला घेतली.

आता फक्त निघायचं होतं. त्यांची बहीण म्हणाली, “चला, इकडून.” ती नवे पांढरे बूट घालून आली होती आणि तिच्या बोलण्यात वर्गावर ओरडून कमावलेला जोर होता. भाऊजी म्हणाले, “ताई, तिकून नाही. इकून. तिकून गेलं तर ऊन डोळ्यावर येते.” बहीण म्हणाली, “शुभ कामाला निघालोय. प्रदक्षिणा घालतात तशी चक्कर असावी. तलाव उजव्या हाताला पाहिजे.” भाऊजी म्हणाले, “तलाव काय देव आहे का?” मग ती गप्प झाली, आणि ती गप्प झाली म्हणजे चिडली, हे तिच्या भावाच्या चेहऱ्यावरून कळलं.

आता पेच आला मानाचा. मुलाकडची बाई म्हणते उजवीकडे तलाव. मुलीकडचा पुरुष म्हणतो डावीकडे. भाऊजींनी ऐकावं तर मुलीकडचे पहिल्याच पावलाला वाकले. बहिणीने ऐकावं तर मुलाकडच्यांचा मान गेला. दोघंही हटेनात. मग दोघंही एकदम नम्र झाले, आणि आमच्याकडे माणसं नम्र झाली की अनर्थ होतो. भाऊजी म्हणाले, “बरं, वहिनी तुमच्यासंग येतील, तुमचा मान राहिला.” बहीण म्हणाली, “मग आमचा भाऊ तुमच्याबरोबर येईल, तुमचाही राहू द्या.” दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. आणि ज्या दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं होतं ती तलावाच्या दोन बाजूंना चालायला लागली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा गृहस्थही वळून पाहत होते. त्यांनी खांदे उडवले.

पाळ संपली की माळ सुरू होतो. लाल मुरूम, बोरीबाभळी, कमरेएवढं पिवळं गवत आणि त्या गवताची कुसळं. दहा पावलांत माझी साडी खालून साळिंदरासारखी दिसायला लागली. चांगली साडी नेस, असं लेक म्हणाली होती, हिंडायला जाताना. ऊन वर आलं होतं, पाण्यावरचं धुकं उठत होतं, दूर एक ढिवर ट्यूबवर बसून जाळं सोडत होता. इतकं छान होतं सगळं, की मला चुकीच्या माणसाबरोबर चालल्याचा अजूनच राग आला.

बहिणीने विचारपूस सुरू केली. साखर आहे का? नाही. बीपी? थोडं. मासे खाता का? खाते. गुडघे? चांगले आहेत, बघताच आहात. मग ती बोरीपाशी थांबली, दोन बोरं तोडली, एक मला दिलं आणि म्हणाली, “तुमच्या सासूबाईंचं दिराकडे होईलच ना?”

मी बोर तोंडात घातलं. आंबट होतं.

“नाही म्हणजे, विचारलेलं बरं,” ती म्हणाली. “माझ्या भावाने फार केलंय हो. आई सहा वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं त्याने केलं, माझ्या हाताने झालं नाही. ती गेली आणि लगेच बायको आजारी पडली. तिचंही त्यानेच केलं.” ती दुष्ट बाई नव्हती. ती माझ्या डोळ्यांत पाहून बोलत होती आणि तिचे नवे बूट चिखलाने भरले होते. मी म्हटलं, “बघू.” बघू हा फार सोयीचा शब्द आहे, त्याच्या मागे अख्खा माणूस लपतो.

पाणी जिथे मागे सरलं होतं तिथे गाळात कोणीतरी हरभरा पेरला होता, त्याच्या बांधावरून आम्ही दोघी गेलो. एक टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत राहिली, जणू आम्ही तिची अंडी पळवायला आलो होतो.

तलावाला जिथे नाला येऊन मिळतो तिथे समोरून भाऊजी आणि गृहस्थ येताना दिसले. भाऊजी मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून येत होते, वाघाने दचकावं म्हणून. गृहस्थांचा चेहरा पाहून वाटलं की वाघ परवडला असता. आम्ही चौघं नाल्यापाशी भेटलो, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की आता पुढे काय हे कोणी ठरवलंच नव्हतं. असेच गेलो तर तो तिकडे, मी इकडे, आणि पाळीवर पोचून आम्ही म्हणणार, छान झाली भेट.

“मी वळतो,” गृहस्थ म्हणाले. “मी यांच्याबरोबर परत येतो.”

बहीण म्हणाली, “मीसुद्धा पुढेच येणार. अर्ध्यातून प्रदक्षिणा उलटी फिरवत नाहीत.” म्हणजे भाऊजी एकटे उरले. त्यांनी ज्या बाजूला एकट्याने जायचं होतं तिकडे पाहिलं. गवत हललं, वाऱ्यानेच हललं असेल. भाऊजींनी काठी बगलेत धरली आणि म्हणाले, “चला, बायामाणसांसंग कोणी तरी पाह्यजे.” वाघामुळे तलाव शेवटी सगळ्यांच्याच उजव्या हाताला आला. बहीण भाऊजींच्या पुढे दोन पावलं चालायला लागली.

ते दोघं पुढे गेले. आम्ही मागे रेंगाळलो.

“तुमच्या दिरांनी मला काय विचारलं सांगू?” ते म्हणाले.

“साखर, बीपी?”

“नाही. म्हणाले, भाऊ, आमच्या वहिनीले रागावून बोलायचं नाही. तिले सवय नाही.”

मला हसू आलं. या वाटेने ते एकदा येऊन गेले होते, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं. इथे निसरडं आहे. इथून वर चढा. या बाभळीचा काटा चपलेतून आत जातो, मला गेला. मी म्हटलं, तुम्हाला तलाव पाठ झालाय. ते म्हणाले, “मी अर्धाच तलाव पाहिला. पण दोनदा पाहिला.” मला वाटलं, या माणसाबरोबर म्हातारं व्हायला मजा येईल. अगदी याच शब्दांत वाटलं. म्हणून मग मी सांगून टाकलं, कारण आणखी दहा मिनिटं गेली असती तर मला सांगता आलं नसतं.

“मी एकटी येणार नाही. आत्याबाई माझ्याबरोबर येतील.”

ते चालत राहिले. थोडं पुढे गेल्यावर एका दगडावर बसले, चप्पल काढली, तळव्यातला काटा पाहायला लागले. काटा वगैरे काही नव्हता, मला दिसत होतं.

“तुमची सासू मला आवडली,” ते म्हणाले. “दात विचारणारी बाई मला आवडणारच. पण मी थकलोय हो. रात्री कोणी खोकलं की मी अजून उठून बसतो. घरात कोणी नसतं, तरी उठून बसतो. मला आता घरात औषधाचा डबा नकोय. तुमची सासू आज ठणठणीत आहे. पण पुढे?” त्यांनी चप्पल उलटी करून झटकली. “मी खोटं बोलून हो म्हणू शकतो. मग दोन वर्षांनी मी तुमच्यावर रागावेन, आणि तुमच्या दिराला मी शब्द दिलाय.”

मला राग आला असता तर बरं झालं असतं. रागाचं एक बरं असतं, त्यात माणूस तरातरा चालतो. इथे रागावायला जागाच नव्हती. तो माणूस खरं बोलत होता आणि मला तो खरं बोलतो म्हणूनच आवडत होता. मला फार वाईट वाटलं. इतकं, की समोर पाण्यावर पाखरं उतरली होती, सुंदर तांबूस रंगाची, आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

“चप्पल घाला,” मी म्हटलं. “रोडगे करपतील.”

उरलेली वाट आम्ही शेजारी शेजारी चाललो. त्यांनी मला निसरड्या जागी हात दिला, मी घेतला. सांडव्याच्या भिंतीवर ते म्हणाले, “फोन बंद करू नका.” मी वाकून साडीची कुसळं काढायला लागले.

पाळीवर आलो तेव्हा धूर खाली बसला होता आणि निखाऱ्यातून रोडगे काढून झाले होते. आत्याबाई आणि जाऊ सतरंजीवर शेजारी बसल्या होत्या. पाठीला पाठ नाही, शेजारी. मला ते दिसलं, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. जावेने सगळ्यांना पानं घेतली. आत्याबाईंनी रोडगा हातात फोडला, त्यात तुपासाठी बोटाने खड्डा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

“काय वं? जमलं का?”

समोर मुलाकडचे बसलेले. त्यांच्या बहिणीच्या हातात घास तसाच. मी अगदी सहज बोलल्यासारखं बोलले, “नाही आवडले मला. आमचे विचार जुळत नाहीत.”

गृहस्थांनी मान खाली घातली. मी त्यांना वाचवलं असं त्यांना वाटलं असेल. भाऊजी म्हणाले, “जाऊ द्या वहिनी, दुसरं पाहू,” आणि भाजी मागितली.

आत्याबाईंनी रोडगा खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जावेकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

“मंग मी हिची माफी कायले मागतली?”

कोणाला काही कळेना. मलाही नाही. मग जाऊ खाली पाहत म्हणाली, “ताई, तुम्ही तिकडे गेल्यावर आई मला म्हणाल्या, ‘मी चुकली. पहिलं पान कोणाले वाढलं याच्यात काय ठेवलं आहे. मले तुह्या घरी ठेवून घे. तिले सावनेरले जाऊ दे.’ इतकी वर्षं माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी काय करू, मी रडले. मग त्याही रडल्या. एक रोडगा करपला त्यात.”

“दोन करपले,” आत्याबाई म्हणाल्या. “अन् ही बाई म्हणते आवडला नाही.”

मी रडले. मुलाकडच्या लोकांसमोर, हातात भाजीची वाटी घेऊन, नाक ओढत रडले. कोणत्याही मुलीने पाहायला आलेल्यांसमोर करू नये असं सगळं मी केलं. त्यांच्या बहिणीने पदर डोळ्याला लावला. भाऊजी इकडे तिकडे पाहायला लागले, बहुतेक वाघ आला तर बरं म्हणून.

“रडून काय राहिली?” आत्याबाई म्हणाल्या. “आवडला असन तर बोल. नसन आवडला तर जेव.”

गृहस्थ माझ्याकडे पाहत होते. मी नाक पुसलं.

“आवडले, आत्याबाई,” मी म्हटलं. “खूप आवडले. पण तुमच्याएवढे नाही.”

आत्याबाईंना सोयीप्रमाणे ऐकू येत नाही, पण हे त्यांनी ऐकलं. त्यांनी तुपाचं भांडं ओढलं आणि माझ्या पानावर तूप सोडलं, रोडगा बुडाला तरी सोडतच राहिल्या.

“मंग जेव,” त्या म्हणाल्या.